माझी पाठ हॉलकडे

माझ्या मागच्या पत्र्याच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब जमतो. आधी तो नुसता ओलावा असतो. मग त्याला पोट येते, मग तो लांबट होतो आणि खाली ठेवलेल्या तेलाच्या रिकाम्या डब्यात पडतो. डबा कोरडा असला की 'टण्ण' वाजते, भरत आला की 'टुप'. नुसत्या आवाजावरून रामदासांना कळते, की आता डबा ओतायला हवा.

मित्रांनो, मी एक जुना, खिडकीत बसवायचा एसी आहे. आता मात्र मला खिडकी नाही, आणि माझे सारे गाऱ्हाणे तिथूनच सुरू होते.

मी टेम्पोतून वारज्याला आलो, तेव्हा तिथे शेते जास्त आणि घरे कमी होती. गाड्यांना आणि यंत्रांना लागणारी वंगणाची तेले बनवणारी एक कंपनी होती. तिच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत मला बसवले. थंडीत खोबरेल गोठते आणि उन्हाळ्यात पाण्यासारखे वाहते, हे तुम्ही घरी पाहिले असेल. यंत्राच्या तेलाचेही थोडेफार तसेच. खोलीच सारखी तापत-निवत राहिली, तर तेल किती दाट आहे हे बिनचूक मोजायचे कसे? प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या प्रेमलाताईंनी या एका कारणासाठी कितीतरी अर्ज केले होते, तेव्हा कुठे मी आलो.

ते माझे सुखाचे दिवस. माझी पाठ उघड्या माळाकडे होती. आतली ऊब मी उचलायचो आणि बाहेर वाऱ्यावर सोडून द्यायचो. रामदास तिथले मदतनीस. ते दर शनिवारी माझी जाळी धुवायचे आणि दसऱ्याला मला झेंडूचा हार घालायचे. "हा आपल्या खात्याचा माणूस आहे," असे प्रेमलाताई पाहुण्यांना सांगायच्या. यंत्राला माणूस म्हटलेले मी तेव्हा प्रथमच ऐकले.

मग बाजार खुला झाला. परदेशी तेलांचे चकचकीत डबे दुकानांत दिसू लागले आणि आमच्या कंपनीत हिंमतराव साहेब हे नवे डायरेक्टर आले. आल्याबरोबर त्यांनी काटकसर जाहीर केली. चहाबरोबरची बिस्किटे बंद झाली. जेवणाच्या सुट्टीत हॉलमधले पंखे बंद ठेवायचा हुकूम निघाला. त्यानंतर साहेबांच्या केबिनसाठी मला प्रयोगशाळेतून काढले. नवा एसी घेतला नाही, हीही काटकसरच.

केबिन हॉलच्या मधोमध होती. बाहेरची भिंत तिला नव्हतीच. बुधवार पेठेतून आलेला मेकॅनिक बजरंग फळीच्या भिंतीला भोक पाडता पाडता थांबला.

"साहेब, ह्याची पाठ हॉलमध्ये येतेय. गरम हवा सगळी स्टाफच्या अंगावर जाणार."

"मग स्टाफने टेबलं सरकवावीत," साहेब म्हणाले.

सरकवायला जागा कुठे होती?

मित्रांनो, लोक समजतात की एसी थंडी बनवतो. तसे नाही. मी फक्त उष्णता इकडून उचलतो आणि तिकडे टाकतो, वर माझी स्वतःची थोडी मिसळतो. एक बाजू जितकी गार, तितकी दुसरी तापणारच. साहेबांना कोट घालून बसायची आवड होती, म्हणून मला पूर्ण जोरात चालवत. ते परदेशी अभ्यासदौऱ्यावर गेले, तरी केबिन गार राहिली पाहिजे असा निरोप होता. मी त्यांची रिकामी खुर्ची गार करत होतो आणि पलीकडे टायपिस्ट इंदुबाई ओला रुमाल मानेवर ठेवून टाइप करत होत्या.

"आमच्याकडे बारा महिने वैशाख," त्या म्हणायच्या. "साहेबांची कृपा."

"उद्या पापड लाटून आणा, इंदुबाई," रामदास म्हणायचे. "टेबलावरच वाळतील."

पण पुढे जे झाले, ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. प्रयोगशाळा तापू लागली. एकाच तेलाचे सकाळचे माप आणि दुपारचे माप जुळेना. एका मोठ्या गिऱ्हाइकाने पिंपे परत पाठवली. प्रेमलाताई केबिनमध्ये आल्या.

"एसी परत द्या, मापं पुन्हा जुळतील. दुसरं काही बिघडलेलं नाही."

"मॅडम, प्रश्न एसीचा नाही, क्षमतेचा आहे," साहेब म्हणाले. "आपल्या प्रयोगशाळेवर आता भरवसा राहिलेला नाही. आपण नमुने बाहेर तपासून घेऊ."

मी त्यांच्या डोक्यावरच घरघरत होतो. त्यांनी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही.

प्रयोगशाळा बंद करायचे ठरले. माणसांना काढणार, असे मात्र कोणी म्हणत नव्हते. शब्द होता 'स्वेच्छानिवृत्ती'. साहेबांनी प्रेमलाताईंना पुन्हा बोलावले.

"तुम्हाला आम्ही सोडत नाही. ऑफिसात तुम्हाला नवी केबिन मिळेल, एसीसकट. फक्त तुमच्या माणसांना तुम्ही समजावा. तुमचं ऐकतात ते."

"विचार करून सांगते," ताई म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात हे वाक्य मी अनेकदा ऐकले. त्यांच्या दोन्ही मुली अजून शिकत होत्या. बाहेर पडताना त्यांचा हात दाराच्या मुठीवर थोडा वेळ तसाच राहायचा. हॉलमध्ये रामदास वाट बघत असायचे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आता कोण ठेवून घेणार?

"ताई, ठरलं का काही?"

"नाही हो अजून."

"ठरवा बाई एकदाचं. स्वेच्छा आमची म्हणतात, पण आम्हालाच पत्ता नाही."

हे सगळे चालू असताना माझ्या जाळीत बोटभर धूळ साचली होती. केबिनमध्ये माझी जाळी धुणारे कोणी नव्हते. साहेबांना फक्त माझे बटण ठाऊक होते. मित्रांनो, यंत्रे स्वच्छ ठेवा, वेळच्या वेळी दुरुस्त करा, हे मी सांगणारच. पण गार हवेत बसाल, तेव्हा त्या यंत्राची पाठ कोणाकडे आहे, हे आधी उठून बघून या.

मे महिन्यात एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये जमवले. ते केबिनमधून आले आणि नेमके माझ्या पाठीसमोर उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बोलायला सुरुवात केली न केली, तोच त्यांच्या कपाळावरून घाम ओघळू लागला. त्यांनी कोट काढला.

"अरे, पंखा लावा कोणीतरी!"

"सुट्टीत पंखे बंद असतात, साहेब," इंदुबाई म्हणाल्या. "आपलाच हुकूम आहे."

कोणी हसले नाही. साहेबांनी रुमालाने मान पुसली.

"बरं. मॅडम, तुम्हीच सांगा यांना. योजना कशी फायद्याची आहे ते."

प्रेमलाताई केबिनच्या दारात उभ्या होत्या. आतली गार हवा त्यांच्या पाठीवर येत होती आणि माझी गरम हवा तोंडावर. खालच्या डब्यात 'टुप' वाजले. रामदास डबा ओतायला उठले नाहीत. ते ताईंकडे बघत होते.

ताई दोन पावले पुढे आल्या आणि त्यांनी केबिनचे दार मागे ओढून घेतले.

"स्वेच्छा म्हणजे स्वतःची इच्छा," त्या सावकाश म्हणाल्या. "इथे ती एकाचीही नाही. मी कोणालाही समजावणार नाही, साहेब. आणि तुमची नवी केबिन मला नको." मग त्या वळल्या. "रामदास, माझी खुर्ची इकडे, या बाजूला आणा."