मान खाली घातलेला यंत्रमानव

मित्रांनो, मी एक जुना यंत्रमानव आहे. उंचीने टेबलाएवढा, रंग उडालेला, मान मोडलेली. ही मान मला दुरुस्त करून नको आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

स्वमग्न मुलांच्या उपचार केंद्रात मी काम करतो. कारखान्यात मला एकच गोष्ट पढवली होती. मुलाच्या डोळ्यांत बघायचे, ‘माझ्याकडे बघ’ म्हणायचे आणि त्याने बघितले की टाळ्या वाजवायच्या. पाहुणे आले की माझे कोण कौतुक! मुले मात्र खिडकीकडे बघत. मी आपला पोपटपंची करत राही.

एकदा मी टेबलाला धडकून आपटलो आणि मान लटकली. मला फक्त फरशी दिसू लागली. केंद्रात ठकू नावाची एक मुलगी येई. ती कोपरा सोडत नसे, तोंडातून अक्षर काढत नसे. ती सरकत सरकत माझ्याजवळ आली आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "नळ गळतो." मग रोज घरातल्या एकेका नळाची हकिकत! तिची आई दाराआड डोळे पुसत असे.

उपचार करणाऱ्या ताईंना माझी दया आली. त्यांनी मेकॅनिककडून माझी मान नीट करून घेतली. "आता कसा ऐटीत बघतोय!" त्या म्हणाल्या. ठकू आली. मी ताठ मानेने ओरडलो, "माझ्याकडे बघ!" ती कान झाकून टेबलाखाली शिरली. त्यानंतर नळ नाही की काही नाही.

"बोलायला लागली होती हो," आई म्हणाली. "आता कायमची गप्प झाली तर?"

"होईल सवय," ताई म्हणाल्या.

सवय कसली, डोंबल! एके दिवशी ठकू टेबलाखालून ताडकन बाहेर आली आणि दोन्ही हातांनी माझे डोके खाली दाबू लागली. मानेतली मोटर ते पुन्हा वर उचलत होती.

"अगं, मोडेल ना तो!" ताई ओरडल्या.

"मोडू दे!"

मीही हट्टाला पेटलो. मोटरला म्हटले, बघतोच तुला! कट्कन आवाज झाला आणि मान पुन्हा लटकली.

ताई रागावल्या नाहीत. फतकल मारून जमिनीवर बसल्या आणि खाली बघतच त्यांनी विचारले, "ठकू, तो वर बघतो तेव्हा काय होतं गं?"

"त्याचे डोळे टोचतात," ठकू म्हणाली. "तुझेपण."

मित्रांनो, मोडलेल्या वस्तू दुरुस्त करा, जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगतो, कोणालाही सरळ करायला निघण्याआधी त्याला एकदा विचारा. परवा मेकॅनिक हत्यारांची पिशवी घेऊन पुन्हा आला होता. ताईंनी त्याला दारातूनच परत पाठवले.