डाव्या बाजूचे फोटो

जाहिरातीत 'थोडंसं काम बाकी' असं वाचलं की चुंबकरावांचे गुडघे आपोआप दुखायला लागत. जुन्या गाड्यांचा ऑनलाइन लिलाव करणाऱ्या एका कंपनीसाठी गाड्या तपासण्यात त्यांची इतकी वर्षं गेली होती की या तीन शब्दांचा अर्थ त्यांना पाठ झाला होता. इंजिन कुठल्या तरी कोपऱ्यात पोत्याखाली पडलंय, सीट उंदरांनी कुरतडल्यात आणि मालक कंटाळलाय. काम कधीच थोडंसं नसे.

चुंबकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांच्या खिशात कायम एक चपटं चुंबक असे. गाडीच्या अंगावर ते ठिकठिकाणी धरायचं. चिकटलं तर रंगाखाली पत्रा आहे. घसरलं तर पत्रा कधीच गंजून गेलाय आणि भोकात लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, लगदा भरून वरून रंग फासलाय. गॅरेजवाल्यांनी पाडलेलं हे नाव हळूहळू घरापर्यंत पोचलं होतं. बायको म्हणायची, चुंबक म्हणे, पण आजवर याला चिकटला तो फक्त गंज.

काम तसं सोपं होतं. कुणीतरी जुनी गाडी हौसेनं खोलतो, अर्धवट जोडतो आणि दमतो. मग ती विकायला काढतो, पुढच्या हौशी माणसानं पुरी करावी म्हणून. घेणारा दूर कुठेतरी बसून नुसत्या फोटोंवर बोली लावतो. त्याच्या वतीनं चुंबकराव जात, गाडीखाली झोपत आणि तीनपैकी एका रकान्यात खूण करत: चालती, पूर्ण करण्याजोगी किंवा सुट्या भागांची. तिसऱ्या रकान्यात गेलेली गाडी भंगाराच्या जवळपास जाई. म्हणून ती खूण केल्यावर त्यांना कुणी चहा विचारत नसे.

त्या दिवशीचं हे दुसरं घर होतं. तिसरं शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि अहवाल संध्याकाळपर्यंत हवेत म्हणून कंपनीतून फोन येऊन गेला होता. गाडी लावून चुंबकरावांनी मोबाइलवर जाहिरातीचे फोटो पुन्हा एकदा पाहिले. गोल दिव्यांची, दोन दारांची, छोटी, देखणी गाडी. फोटोही भरपूर. पण पुढून काढलेला असो की मागून, प्रत्येक फोटो डाव्या बाजूनं. उजवी बाजू कुठेच नाही. म्हणजे उजवी कुजलेली. विकणाऱ्यांच्या या युक्त्या त्यांना नव्या नव्हत्या. तिसरा रकाना त्यांनी मनात तिथेच ठरवून टाकला.

दार उघडलं ते मालकाच्या मुलीनं. चाळिशीची, एका शाळेत हिशेब बघणारी. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. जाहिरातही तिनंच दिली होती. घरामागच्या शेडमध्ये तिचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून एका खोक्यावर बसले होते. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका कारखान्यात बारीक मापाचे सुटे भाग घडवण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर गल्लीतल्या गाड्या त्यांच्याकडे यायला लागल्या आणि अजून येत होत्या. ते पैसे घेत नसत, फक्त गाडीवाल्याला गाडी कशी वापरू नये यावर भरपूर ऐकवत. चुंबकरावांना त्यांनी नमस्कार केला.

चुंबकराव डाव्या बाजूला वाकले आणि थोड्या वेळानं गुडघे दुखायचे विसरले.

चुंबक कुठेही घसरलं नाही. टपापासून पायरीपर्यंत सगळीकडे पत्रा, आणि तोही हातानं घडवलेला. जिथे जुना तुकडा कापून नवा जोडला होता, तिथला सांधा बोटाला लागत नव्हता. नखानं शोधावा लागला. दार एका बोटानं ढकललं तर हलकेच जाऊन बसलं. गाडीखालून जाणारी ब्रेकची नळी दर वीतभर अंतरावर चिमट्यात धरलेली होती, आणि सगळे चिमटे एका ओळीत. कुणी बघणार नाही अशा जागीसुद्धा माणसानं जीव ओतला होता. चुंबकरावांनी मनातली खूण पुसली. असं काम त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि पाहून बरं वाटणंही ते विसरत चालले होते.

मग ते वळसा घालून उजवीकडे गेले.

गंज नव्हता. गंज असता तर त्यांना कळलं असतं. इथेही पत्रा नवाच होता, पण दार बसत नव्हतं. का बसत नाही ते बघायला ते आत शिरले, तेव्हा दाराला पेलणारा पोलादी तुकडा दिसला. तो डाव्या बाजूचा होता. डावीकडचा बघून डावाच पुन्हा घडवलेला, मग उजवीकडे बसेना म्हणून कापून, उलटा करून, कसाबसा चिकटवलेला. शेडच्या मागच्या फळीवर तसेच आणखी तीन तुकडे होते. तिन्ही सुरेख, तिन्ही डावे. गाडीखाली ब्रेकची नळी जागी होती, पण तारेनं बांधलेली. तिच्या टोकाचा नट चुंबकरावांनी नुसत्या बोटांनी फिरवला, तर फिरला.

पाठीवर पडल्या पडल्या त्यांनी टेपनं सांगाडा दोन्ही बाजूंनी मोजला; मापं जुळत होती. गाडी एकच होती, माणूसही एकच. मधे काही वर्षं गेली होती, एवढंच.

बाहेर येऊन त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, आधी कुठली बाजू केली? मिस्त्री म्हणाले, डावी. एका वेळी एकच बाजू उघडायची, दुसरी बघायला शाबूत ठेवायची, हा त्यांचा जन्माचा नियम.

हात धुवायला चुंबकराव अंगणातल्या नळावर गेले, तशी मुलगी मागोमाग आली. फोटोंबद्दल ते बोलले, जरा कडकच बोलले. लोकांना असं फसवू नये, गाडी शेवटी कुणीतरी रस्त्यावर आणणार असतं.

"फोटो मी काढले," ती म्हणाली, "पण कुठे उभं राहायचं ते बाबा सांगत होते. मी उजवीकडे गेले की म्हणायचे, इकडून नको, उजेड नाही. उजेड तर तिकडूनच येतो."

मग ती सांगत गेली. बाबांचं काहीतरी बिनसलंय असं तिला वर्षभर वाटत होतं. मोजे उलटे, शर्टाची बटणं एक घर सोडून, ओळखीच्या कोपऱ्यावर भलतीकडे वळणं. दूर राहणारा भाऊ फोनवर हसायचा: बाबांचे हात म्हणजे सोनं आहेत, तुला उगाच शंका घ्यायची सवय. डॉक्टरकडे चला म्हटलं तर बाबा पंधरा दिवस बोलले नव्हते. आणि गाड्या येतच होत्या. अंगणात ती पांढरी उभी आहे ना, ती तिच्या नवऱ्याची. तिचे मागचे ब्रेक बाबांनी मागच्याच आठवड्यात केले. नवरा आज ती न्यायला येणार होता. आठवडाभर तिनं काही ना काही सबबी सांगून गाडी इथेच अडवून ठेवली होती. स्वतःच्याच वडिलांच्या हातावर विश्वास नाही असं नवऱ्याला तोंडानं कसं सांगायचं?

"गाडी विकली नाही गेली तरी चालेल. पण ज्याला यातलं कळतं अशा कुणीतरी बाबांचं काम बघून सांगायला हवं होतं. माझं कोण ऐकतंय."

चुंबकरावांना राग आला. कंपनीवाले एका दिवसात तीन घरं फिरवतात, पेट्रोलचे पैसे महिन्यांनी देतात, आणि वर हे.

"मी गाडीची किंमत करतो, बाई. माणसाची नाही."

"मग गाडीचीच करा. खरी."

ते शेडमध्ये परतले. मिस्त्री खोक्यावरून हलले नव्हते. त्यांनी वर न बघता विचारलं, "बघितलीत उजवी?"

"बघितली."

"कुठल्या रकान्यात?"

चुंबकरावांनी इतक्या वर्षांत माणसांना बरंच काही सांगितलं होतं आणि सांगून लगेच गाडीत बसून निघून जायला ते शिकले होते. इथे बसायला दुसरं खोकं होतं. ते बसले. "सुट्या भागांच्या. डावीसारखं काम मी कुठे पाहिलेलं नाही. पण घेणारा ती चालवणार, आणि उजवीकडची ब्रेकची नळी माझ्या बोटानं सुटली."

मिस्त्रींनी मान हलवली. ते रागावले नाहीत, याचंच चुंबकरावांना वाईट वाटलं. मिस्त्री म्हणाले, मीही बघायचो ना. बसत का नाही ते कळायचं नाही. वाटायचं, कधीतरी कुणीतरी उजवीकडून ठोकलेली असणार, गाडीच वाकडी आहे.

"वाकडी नाही," चुंबकराव म्हणाले. "मी मोजली." मग उठत म्हणाले, "जावयांची पांढरी बघू या?"

आता मात्र मिस्त्रींची मान वर झाली. "ती ठीक आहे. ते ब्रेक मी डोळे मिटून करतो."

"म्हणूनच म्हणतो, बघू या."

"तुम्ही पाना धरलाय का कधी? का नुसतंच चुंबक?"

धरला होता, पण पूर्वी. अंगणात जॅक लावताना चुंबकरावांच्या कमरेत कळ आली आणि मुलीला हात द्यावा लागला. मिस्त्रींनी उजेडाला बॅटरी धरली. डावं चाक काढलं, आतला ब्रेकचा डबा काढला. सगळं जिथल्या तिथे होतं. डब्याला आतून घासून चाक थांबवणाऱ्या ब्रेकच्या दोन कमानी असतात, एक आखूड पट्टीची, एक लांब पट्टीची. आखूड पुढे, लांब मागे. मिस्त्री म्हणाले, बघा. चुंबकराव उजवीकडे गेले.

उजवीकडेही काम स्वच्छ होतं. स्प्रिंगा नव्या, पिना बरोबर. फक्त आखूड कमान मागे होती आणि लांब पुढे. डाव्या चाकासमोर बसलं की गाडीचं तोंड आपल्या डाव्या हाताला येतं, उजव्या चाकासमोर बसलं की उजव्या. मिस्त्रींनी डावीकडे जसं दिसलं, तसंच्या तसं उजवीकडे मांडलं होतं. शिकाऊ पोरगंही एकदा मार खाऊन हे शिकतं.

बॅटरीचा उजेड त्या कमानींवर पडून राहिला. मिस्त्री एकदा आखूड कमानीकडे बघत, एकदा गाडीच्या तोंडाकडे, पुन्हा कमानीकडे. ओठ हलत होते. एखादी सोपी बेरीज पुन्हा पुन्हा करावी तसं चाललं होतं. मुलगी जवळ यायला निघाली, तिला चुंबकरावांनी डोळ्यांनीच थांबवलं.

"दोन्ही चाकं एकदम उघडली होती मी," मिस्त्री अखेर म्हणाले. "असं मी कधी करत नाही." आणि मग हळू आवाजात, "ह्या गाडीत तर पोरं बसतात."

त्यांनी खाली बसायचा प्रयत्न केला नाही की पाना मागितला नाही. चुंबकरावांनीच कमानी बदलल्या. स्प्रिंग दोनदा हातातून निसटली, बोटाचं साल निघालं. दुसऱ्या वेळी मिस्त्री म्हणाले, आधी खालची अडकवा, मग वरची. आणि ते बरोबर होतं. शर्टाच्या बाहीला काळं लागलं. मधेच कंपनीचा फोन वाजला. चुंबकरावांनी तो वाजू दिला, मग खिशातच बंद केला.

अहवाल त्यांनी तिथेच, पांढऱ्या गाडीच्या टपावर मोबाइल टेकवून भरला. तिसऱ्या रकान्यात खूण केली आणि खाली उजव्या बाजूचे दोष एकेक करून, कसलाही विशेषणांचा फुलोरा न लावता लिहिले. मुलीनं विचारलं, याची एक प्रत भावाला पाठवता येईल का? मिस्त्रींनी ते ऐकलं. म्हणाले, तू नको पाठवूस. संध्याकाळी मीच फोन करतो त्याला. अन् डॉक्टरची वेळ घे.

मुलगी आत निघून गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ चालू राहिला.

चुंबकराव हत्यारं पुसत असताना फाटकाशी एक गाडी थांबली. समोरच्या घरातला माणूस, निम्मा खिडकीबाहेर वाकून. पुढच्या चाकातून घासल्यासारखा आवाज येतोय म्हणाला. जरा बघता का, मिस्त्री? घाई नाही, हवं तर इथेच ठेवून जातो.

मिस्त्रींनी सवयीनं एक पाऊल पुढे टाकलं. कान तिकडे लागलेच होते. मग ते थांबले आणि त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

"नाही बघणार."

"बरं, मग उद्या आणतो."

"उद्याही नको."

शेजारी हसला. त्याला वाटलं, म्हातारा कशावरून तरी रुसलाय. विचारलं, मग आता नेऊ तरी कुणाकडे?

चौकातल्या ज्या गॅरेजवाल्याला त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक माणसासमोर शिव्या घातल्या होत्या, त्याचा पत्ता मिस्त्रींनी सांगितला.

"लुटेल तुला," ते म्हणाले. "पण बरोबर बसवील."