फुंकरीचं पाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर शिंप्याला बसवलं होतं आणि बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होते, "याच्या अंगात सात जण होते. झोपू देत नव्हते याला. एकवीस दिवस माझ्या फुंकरीचं पाणी प्यायला आणि सातही पसार!" मागच्या सभेत ते पाचच होते, पण हिशेब कोण ठेवतो? लोकांनी तोंडात बोटं घातली.

शिंप्याची बहीण मान खाली घालून बसली होती. ते दिवस आठवले की तिच्या अंगावर काटा येई. नऊ दिवस भावाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. गिऱ्हाइकांचे कपडे उसवून त्याने साऱ्या जगाला पुरेल असा एकच कोट शिवायला घेतला होता, आणि मला उडता येतं म्हणून हसत खिडकीत चढत होता. ते हसू तिच्या कानांतून अजून जात नव्हतं.

डॉक्टर म्हणाले होते, हा उन्माद आहे, मेंदूचा आजार. त्यांनी पाण्यात विरघळणारी गोळी दिली. भाऊ गोळीला विष म्हणे, बाबांचं पाणी मात्र घटाघटा पिई. तेव्हा तिने त्या पाण्यातच रोज गोळी विरघळवली. पाचव्या दिवशी तो झोपला, तीन आठवड्यांत ताळ्यावर आला. हे कळल्यावर डॉक्टर रागावले. आता तो शुद्धीवर आहे, त्याला खरं सांगा, म्हणाले. ती आज सांगू, उद्या सांगू करत राहिली.

शेजारी बसलेल्या बाईची तरुण मुलगी सारखी उठत होती, अखंड बोलत होती, मधेच हसत होती. ते हसू ओळखून बहिणीने त्या बाईला विचारलं,

"हिला डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत का?"

"तुमच्या भावाला पाहिलं आणि बंद केल्या," बाई म्हणाली. "आता पाण्यावरच ठेवलंय."

"या मुलीच्या गोळ्या माझ्या भावाला पाहून बंद केल्यात," म्हणत बहीण उभी राहिली आणि भरसभेत गोळीची गोष्ट सांगून मोकळी झाली.

बाबा गोड हसले. त्या गोळीला गुण आला तोही आपल्याच फुंकरीने, म्हणाले.

"तुमची बाटली आठव्या दिवशी संपली," ती म्हणाली. "पुढचे तेरा दिवस तिच्यात आमच्या नळाचं पाणी होतं. गोळी मात्र एकदाही चुकली नाही. नुसत्या पाण्यावर बरा झालेला एक तरी माणूस उभा करा."

कोणीच उभं राहिलं नाही. बाबांना एकदम दुसऱ्या गावची सभा आठवली.

भाऊ खाली उतरला. "म्हणजे तू मला फसवत होतीस."

"हो."

तो त्या बाईपाशी जाऊन म्हणाला, "माझ्या अंगात कोणी नव्हतं. मी आजारी होतो, औषधाने बरा झालो. हिला आत्ताच दवाखान्यात नेऊ, मी येतो. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा गोळी थांबवू नका."

बाईने मुलीचा हात धरला. बहीण त्यांच्यामागून चालत राहिली. भावाने एकदाही वळून पाहिलं नाही.