पाणमांजराचा मामा

मुलांच्या परदेशी कार्टूनचे संवाद आपल्या भाषेत लिहायचं माझं काम. वाटतं तेवढं सोपं नाही ते. पडद्यावर ओठ मिटले की आपल्या शब्दातही ते मिटावे लागतात, नाहीतर तोंड एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. या बाबतीत स्टुडिओत माझा हात धरणारं कुणी नाही, हे मीच सगळ्यांना सांगत फिरायचे.

मागे पाणमांजरांची एक मालिका आली. एक पिल्लू आणि त्याचे दोन बाप. एक मासे पकडायला जातो, दुसरा घर सांभाळतो, दोघांचा एकमेकांवर जीव, संपला विषय. पहिला भाग बघतानाच मी पुढचं सगळं रंगवून टाकलं. पालक तक्रारी करतील, चॅनेलवाले बोंब मारतील, साहेब माझ्या नावानं खडे फोडतील. यातलं काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. मला कुणी चकार शब्दानं बोललं नव्हतं. तरी मी दुसऱ्या बापाचा 'पप्पा' खोडून तिथे 'मामा' लिहिलं. ओठ अगदी तंतोतंत मिटतात. आता मामा म्हटल्यावर आई हवीच. म्हणून जिथे पिल्लू पाठमोरं आहे तिथे एक वाक्य घुसडलं, "आई लांब कामाला गेलीय, येईल लवकर."

साहेबांना नंतर कळलं, तेव्हा ते खूश झाले. "मोठी डोकेदुखी वाचवलीत, बाई," म्हणाले. आणि मी फुशारले. आज सांगताना लाज वाटते.

लाज अशासाठी की दर रविवारी मी भावाकडे जेवायला जाते. त्या घरात भाऊ, त्याचा जोडीदार सुतार आणि त्यांची सहा वर्षांची पोर. सुताराला सगळे सुतारच म्हणतात, माझा भाऊसुद्धा. अकरा वर्षं दोघं एकत्र राहतायत. पोर तान्ही असताना त्यांनी दत्तक घेतली. भाऊ तिचा बाबा आणि सुतार पप्पा. आमच्या आईवडिलांनी त्या घराची पायरी चढायला नकार दिला, तेव्हा मी त्यांच्याशी कडाकडा भांडले होते. घरात वाघीण, आणि कामावर कुणी 'हूं' म्हणायच्या आत शेपूट घातलं.

मालिका सुरू होऊन महिना झाला असेल. त्या रविवारी भावानं मला दारातच अडवलं.

"जरा जपून हं आज. आठ दिवस झाले, ती त्याला मामा म्हणतेय."

"कुणाला?" मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं.

"सुताराला. पाळणाघरातून काहीतरी डोक्यात घेऊन आलीय. विचारलं तर सांगत नाही."

आत सुतार ताटं मांडत होता. पोर खुर्चीवर पाय हलवत बसली होती. "मामा, पाणी दे," ती म्हणाली. त्यानं पाणी दिलं, हसलासुद्धा. पण पेला ठेवताना थोडं पाणी सांडलं, आणि ते तो उगीच कितीतरी वेळ पुसत राहिला.

आम्ही जेवायला बसलो. तेवढ्यात पोर माझ्याजवळ सरकली.

"आत्या, तू कार्टूनमध्ये काम करतेस ना? आम्ही पाळणाघरात बघतो ना, त्या पाणमांजराची आई लांब कामाला गेलीय. माझी पण तिथेच असेल. विचार ना तिला, कधी येणार."

भावानं आणि सुतारानं एकदमच माझ्याकडे पाहिलं.

पोर आहे, चार दिवसांत विसरेल, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. जमलं नाही.

"तशी आई नाहीये गं तिथे," मी म्हणाले. "त्या पिल्लालाही दोन बापच आहेत, तुझ्यासारखे. तो मामा नाही, पप्पाच आहे. मी खोटं लिहिलं."

"का?"

"घाबरले."

"कुणाला?"

 उत्तर सुतारानंच दिलं.

"वरून सांगितलं असेल गं तुला," तो हळू म्हणाला. "नोकरी म्हटली की ऐकावं लागतं माणसाला."

बिचाऱ्यानं स्वतःच पळवाट काढून दिली होती मला. नुसती मान हलवली असती तरी सुटले असते.

"नाही," मी म्हणाले. "कुणी नाही सांगितलं. माझं मीच केलं."

 भाऊ अर्ध्या जेवणावरून उठला आणि खिडकीशी आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"म्हणजे आई येणारच नाही?" पोरीनं विचारलं.

"नाही गं, बाळा."

तिनं भोकाड पसरलं. मी जवळ घ्यायला गेले, तर तिनं माझा हात झिडकारला. खुर्चीवरून उतरून ती सुताराकडे धावली, त्याच्या गळ्यात पडली आणि हुंदके देत म्हणाली, "मामा, मला आई पाहिजे."