फाळक्यावरचे ठोके

गाडी जेमतेम हातभर मागे घ्यायची होती, आणि तेवढ्यासाठी चालक तिसऱ्यांदा खाली उतरला. मागे गेला, वाकून चाकांच्या मधून पलीकडे पाहिलं, दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि पुन्हा येऊन बसला. गाडी एका धुलाई केंद्राची होती. तिच्या अंगावर मोठ्या अक्षरांत ‘स्वच्छ आणि वेळेवर’ असं रंगवलेलं होतं. शेजारी त्याची बायको बसली होती. तिने पिशवीचा बंद मनगटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. बोलून काही होत नाही हे तिला कधीच कळून चुकलं होतं.

तळमजल्यावरच्या खिडकीतून बाई हे पाहत होत्या. माजी सैनिकांच्या संघटनेची ही कचेरी म्हणजे एक खोली, बाहेर एक बाक आणि कडी नीट न बसणारं एक दार. बाईंची सगळी नोकरी न्यायालयात टंकलेखन करण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर घरात करमेना म्हणून त्या इथे येऊ लागल्या आणि सैनिकांच्या अपंगत्वाच्या दाव्यांसाठी निवेदनं लिहून देऊ लागल्या. कुठे काय घडलं, कोण बरोबर होतं, त्यानंतर झोप लागते का. माणसं सांगता सांगता रडत. बाई तेवढा वेळ थांबत, पण रुमाल पुढे करत नसत. रुमाल दिला की माणूस डोळे पुसतो आणि सांगायचं थांबतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

चालकाचा दावा एकदा फेटाळला गेला होता. तेव्हाचं निवेदन त्याने स्वतःच लिहिलं होतं, तुकडीत अहवाल लिहायला शिकवलं होतं अगदी तसं. ‘अडथळ्यापाशी गोळीबार झाला. वाहन मार्गस्थ झाले. एक जवान मागे राहिला.’ त्यात तो स्वतः औषधालाही नव्हता. तपासणाऱ्यांनी शेरा मारला की या घटनेचा अर्जदाराच्या मनावर परिणाम झाला असं कुठे दिसत नाही. त्याच पत्रात कानाचाही निकाल लागला होता. डावा कान गेलेला आहे हे मान्य, पण तो नोकरीत असताना गेला याला पुरावा नाही.

अपिलाची मुदत याच आठवड्यात संपत होती. तिकडे धुलाई केंद्राच्या मालकाने पुढच्या महिन्यापासून दुसरा चालक ठरवला होता. ‘वेळेवर’ असं रंगवलेली गाडी वेळेवर कुठेच पोहोचत नव्हती, यात त्याचं तरी काय चुकलं? हा दावा गेला तर दुसरा काही आधार नव्हता.

“बसा,” बाई म्हणाल्या. “तुमचं निवेदन टाइप झालंय. वाचून दाखवते, मग सही करा.”

चालक बसला. खुर्ची त्याने जरा तिरकी करून उजवा कान बाईंकडे केला.

बाई वाचू लागल्या. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांचे कान अधू, म्हणून त्या नेहमीच खणखणीत वाचत. “रस्त्यात अडथळा होता. मागे बसलेला लंबू तो बाजूला करायला खाली उतरला. मी गाडी चालवत होतो. बिनतारी यंत्रवाला माझ्या शेजारी होता. आमची पद्धत अशी, की मागचा माणूस चढला की गाडीच्या मागच्या फाळक्यावर हाताने ठोके द्यायचा. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गोळीबार सुरू झाला. ठोके आले नाहीत. लंबू वर चढला की नाही हे न बघता मी गाडी काढली. लंबू तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला आणलं, तेव्हा तो जिवंत नव्हता.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “काही बदलायचंय?”

“नाही.”

“ठोके नाहीत, मग गाडी का काढलीत? हे विचारणार ते.”

“घाबरलो.” किती वाजले हे सांगावं तशा आवाजात तो म्हणाला.

बाईंनी तो शब्द वाढवला. चालकाने सही केली.

बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. “एकोणीस वर्षं झाली लग्नाला,” ती म्हणाली. “रात्री दचकून उठतात. विचारलं तर म्हणतात, पाणी प्यायला उठलो. मला नाही सांगितलं कधी. तुम्हाला बरं सांगितलं.”

“मी त्यांची कोणी नाही ना,” बाई म्हणाल्या, “म्हणून सांगतात.”

तेवढ्यात अपिलासाठी बोलावलेला साक्षीदार आला. तो येतोय हे आधी ऐकूच आलं. बाहेर पायरीवरच कोणाशी तरी त्याच्या गप्पा रंगल्या होत्या. तुकडीत त्याच्याकडे बिनतारी यंत्र असायचं आणि यंत्र बंद असलं तरी हा चालूच असायचा, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. आता त्याचं पोट सुटलं होतं, केस गेले होते, आवाज तेवढा तसाच होता.

“वहिनी, याला अजून जेवायला घालता? धन्य आहे तुमची!”

“काय करता भाऊजी, पदरी पडलेत.”

चालक हसला. रेडिओने त्याच्या पाठीवर थाप मारली. दोघं दरवर्षी मेळाव्यात भेटत. तिथे पगारवाढीपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं निघे. लंबूचं नाव मात्र दोघांपैकी कोणीच काढत नसे.

“साक्षीदाराचं निवेदन एकट्यात घ्यायचं असतं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही दोघं बाहेर बसा.”

चालक बाहेरच्या बाकावर दाराकडे डावी बाजू करून बसला. बायको त्याच्या आणि दाराच्या मध्ये बसली. बाईंनी दार लोटलं. ते नेहमीप्रमाणे हातभर उघडंच राहिलं.

रेडिओने सांगायला सुरुवात केली आणि पहिल्या दोन वाक्यांतच त्याचा आवाज खाली आला. अडथळा, लंबूचं उतरणं, गोळ्या, सगळं चालकाने सांगितलं तसंच.

“माझ्या एका कानाला यंत्राचा फोन होता, दुसरा मोकळा. लंबू पळत मागे आला. मग दोन ठोके पडले. गाडी निघाली.”

बाईंची बोटं थांबली. “ठोके पडले?”

“दोन.”

“नक्की?”

“बाई, माझं कामच ऐकायचं होतं.” त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “मग मी आरशात बघितलं. लंबू खाली, रस्त्यात बसलेला. पायाला लागलं होतं. चढलाच नव्हता तो. बसल्या बसल्याच हात उचलून ठोकलं असणार. मी बघितलं, आणि थांब म्हणालो नाही. त्याने चल म्हटलं होतं ना. एवढंच धरून बसलोय मी इतकी वर्षं.”

बाईंनी हे वाक्य जसंच्या तसं टाइप केलं. समोर कोणी असं बोललं की त्यांची बोटं आपोआप चालत, मनाला वेळ मिळायच्या आत.

“चालकाने ठोके ऐकले?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे काय! ऐकल्याशिवाय गाडी काढेल तो? रस्त्यात मांजर बसलं असलं तरी हॉर्न न वाजवता उतरून हाकलणारा माणूस.”

“तुम्ही दोघं कधी बोललात यावर?”

“बोलायचं काय त्यात? दोघांनाही माहीतच होतं की.”

बाईंनी चष्मा काढला. न्यायालयात असताना दोन जबाब एकमेकांना खाऊन टाकताना त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. एक म्हणतो ठोके आले नाहीत, दुसरा म्हणतो आले. तपासणाऱ्यांना एवढं पुरे होतं. दोन्ही निवेदनं एकदम बाजूला पडली असती. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही हा त्यांचा इतक्या वर्षांचा नेम होता, आणि तो त्यांनी आताही मोडला नाही. फक्त विचारलं, “लंबूने ठोके कुठे दिले?”

“माझ्या बाजूला. मागे, डाव्या कोपऱ्यावर.”

“आणि चालकाचा कान कधी गेला?”

रेडिओने दाराकडे पाहिलं. “हे लिहायचं का?”

“खरं असेल तर लिहायचं.”

“त्याच्या आधीच गेला. पुलापाशी स्फोट झाला तेव्हा. डावीकडून हाक मारली तर वळायचा नाही. आम्ही झाकून नेलं. दवाखान्यात कळलं असतं तर गाडी काढून घेतली असती त्याची, आणि त्याच्यासारखा चालक...” तो बोलता बोलता थांबला. आपल्याच तळहाताकडे बघत राहिला. “बाई. म्हणजे त्याला...”

“वाचून दाखवते,” बाई म्हणाल्या.

त्या नेहमीच मोठ्याने वाचत. आज जरा अधिकच मोठ्याने वाचलं, असं कोणी म्हणालं असतं तर त्यांनी नाकारलं नसतं. दोन ठोके, डावा कोपरा, पुलापाशी गेलेला कान. उघड्या दारातून बाकाचा अर्धा भाग दिसत होता. चालक आपल्या बुटांकडे पाहत बसला होता. त्याच्यापर्यंत काही पोहोचत नव्हतं. बायको मात्र ताठ झाली. मग ती उठली, नवऱ्याच्या पुढून पलीकडे गेली, त्याच्या उजव्या बाजूला बसली आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

ती बराच वेळ बोलत होती. चालकाची मान वर झाली नाही. एकदा त्याने तिला थांबवून काहीतरी विचारलं, तेव्हा ती उठून दाराशी आली. तिचा चेहरा ओला होता आणि तो पुसायचं तिला सुचलं नव्हतं.

“भाऊजी, हे विचारतायत, लंबूला माहीत होतं का? आपण आता चढत नाही, हे?”

“होतं,” रेडिओ म्हणाला. “माहीत असल्याशिवाय दोन कशाला ठोकेल?”

“हे लिहिता येणार नाही,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या मनातलं साक्षीदार सांगू शकत नाही.”

“नका लिहू,” बायको म्हणाली.

बाईंनी टेबलाचा खण उघडला. आतला रुमाल काढून तिच्या हातात दिला आणि खण लावून टाकला.

चालक आत आला तेव्हा रेडिओ खुर्चीतून उठला. रेडिओला एकही शब्द सुचत नाही, हे दृश्य तुकडीत कोणी पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

“तुमच्या निवेदनावर सही झालेली असली तरी हरकत नाही,” बाई चालकाला म्हणाल्या. “पुन्हा टाइप करता येईल. कानाचं घालावं लागेल. झाकलं होतं, तेही.”

“घाला.”

“आणि ते शेवटचं? घाबरलो, ते?”

चालकाने जरा विचार केला. “ते राहू द्या. ते खरंच आहे.”

कागद नव्याने टाइप झाले, सह्या झाल्या. दावा मान्य होईल का, हे बायकोने विचारलं. कानाचा होईल असं वाटतं, मनाच्या त्रासाचं सांगता येत नाही, असं बाईंनी सांगितलं. त्या खोटा धीर कोणाला देत नसत.

ते बाहेर पडल्यावर बाई खिडकीशी आल्या. चालक आणि बायको गाडीत बसले. रेडिओ चालत बसथांब्याकडे निघाला होता, पण धुवायच्या चादरींच्या गाठोड्यांमुळे मागचं दार अर्धवट राहिलेलं त्याला दिसलं. त्याने खांदा लावून ते बंद केलं आणि जुन्या सवयीने पत्र्यावर दोन ठोके दिले. उजव्या बाजूला.

इंजिन सुरू होतं. गाडी हलली नाही.

चालकाने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “तू आधी आत बस.”

“अरे, मला तर उलट्या बाजूला...”

“आत बस म्हटलं ना.”

बायको मध्ये सरकली. रेडिओ तिच्या शेजारी बसला आणि दार लागलं. तरीही चालक खाली उतरला. बाईंना वाटलं, आता पुन्हा वाकून चाकं बघणार. पण तो गाडीच्या डाव्या कोपऱ्यापाशी गेला आणि पाय पसरून सरळ जमिनीवर बसला, कपड्यांची पर्वा न करता. बसल्या जागेवरून त्याने हात वर उचलला. तो पत्र्यावर कुठवर पोहोचतो, ते पाहिलं. हात तिथेच थोडा वेळ ठेवला.

मग उठला, पँट झटकली, पुढे येऊन बसला आणि गाडी निघाली.