सेवईच्या मशीनवर बसवलेले ब्रेक

निजामुद्दीनचं रिसोडच्या बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. जुनी गाडी विकत घेतली तेव्हा त्याच्या मनात एकच चित्र होतं. मागच्या सीटवर काचेच्या बांगड्यांची खोकी, शेजारी बायको अमीनाबी, आणि आपण ऐटीत पोहरादेवीच्या यात्रेला चाललोय. खोकी बसली, अमीनाबी काही बसली नाही. ब्रेक दाबला की गाडी अशी किंचाळायची, की पहिल्याच फेरीत ती मधे उतरली आणि उरलेला रस्ता पायी चालत घरी आली. मागच्या यात्रेला निजामुद्दीन गाडीनं गेला आणि अमीनाबी एसटीनं. वर तीच आधी पोहोचली.

यंदा रामनवमीची यात्रा तोंडावर आली तसं त्यानं पुढच्या चाकांसाठी नवे ब्रेक पॅड आणले. पण गॅरेजवाला धरमसिंग कुलूप लावून सासरवाडीला गेलेला.

"मीच बसवतो," निजामुद्दीन म्हणाला. "मोबाईलवर पाह्यलं मी. सोपं हाये."

"तुमी?" अमीनाबीनं तांदूळ निवडता निवडता मान वर केली. "पंख्याचं बटन तुमीच बसवलं होतं न? तवापासून पंखा लावला का दारावरची घंटी वाजते."

तेवढ्यात रिठदचा उकंडराव दारात आला. तो बाजाराला आला की निजामुद्दीनकडे चहा घेतल्याशिवाय परत जात नसे. त्याच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर होता, त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्याला मत होतं.

"ट्रॅक्टर काय आन् गाडी काय," तो बाह्या सरसावत म्हणाला. "खोलाचं आन् लावाचं. चाल निजामभाई, पान्हे काढ."

चाकाचे नट ढिले केले, मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला आणि धोका नको म्हणून स्टेपनी गाडीखाली सरकवली. चाक निघालं. आत चकचकीत चकती आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारा लोखंडी जबडा. त्याला कॅलिपर म्हणतात, एवढं निजामुद्दीनला व्हिडिओतून कळलं होतं. खालचा बोल्ट काढून त्यानं तो जबडा वर उचलला आणि जुने पॅड बाहेर ओढले. झिजून झिजून ते पापडासारखे पातळ झाले होते.

"याच्यावर फिरत होता तू?" उकंडरावनं विचारलं.

"हळू बोल," निजामुद्दीन अमीनाबीकडे पाहत म्हणाला.

आता नवे पॅड खाचेत सरकवायचे, झालं. पण नवा पॅड अर्ध्यात जाऊन अडला. निजामुद्दीननं ढकलला, उकंडरावनं ढकलला, मग दोघांनी मिळून ढकलला.

"दुकानदारानं दुसऱ्याच गाडीचा देल्ला," उकंडरावनं निकाल दिला. "हातोडी आण. एक देतो, मंग बसते का नाई पाहू."

"हातोडी नाई भेटत," अमीनाबी ओट्यावरूनच म्हणाली. सूप खाली ठेवून ती जवळ आली. तिनं जुना पॅड नव्यावर ठेवला, कडेला कड लावून पाहिली. "माप तं एकच हाये. इकडचा कानही तसाच, तिकडचाही तसाच. बाईचा हात फुगला असन तं तुमी काय हातोडीनं बांगडी चढवता का? साबण लावता, हात नरम करता. पॅड सोडा, खाच पाहा."

निजामुद्दीननं वाकून पाहिलं. खाचेतल्या पत्र्याच्या पट्टीखाली गंज आणि काळी माती थर धरून बसली होती. पट्ट्या काढल्या, तारेचा ब्रश मारला, पॉलिश कागद घासला. पट्ट्या परत बसवल्या आणि पॅड असा अलगद आत गेला की उकंडराव उगाच इकडेतिकडे पाहू लागला.

"मी हेच म्हणणार होतो," तो म्हणाला.

आनंद फार टिकला नाही. जबडा खाली आणला तर तो नव्या पॅडांवर चढेना. नवे पॅड जाड, आणि जुने झिजत गेले तसतसा जबड्यातला पिस्टन बाहेर येऊन बसलेला. तो आत ढकलल्याशिवाय जागा होणार नव्हती. व्हिडिओतल्या माणसानं त्यासाठी स्क्रूचा शिकंजा वापरला होता. शिकंजा कोणाकडे? गल्लीतल्या सुताराकडे. सुतार कुठे? यात्रेत दुकान मांडायला केव्हाच गेलेला.

उकंडरावनं अंगठ्यांनी जोर लावला. चेहरा लाल झाला, पिस्टन जागचा हलला नाही.

निजामुद्दीनची नजर घरात गेली. खाटेच्या पाटीला सेवईची मशीन कसलेली होती. पितळी दांड्याची, खाली स्क्रूचा जबडा असलेली. अमीनाबीच्या आईनं दिलेली.

"नाई," अमीनाबी म्हणाली.

"मी अजून काई बोललोच नाई."

"तुमचे डोये बोलले."

"अमीना, फक्त खालचा स्क्रू वापराचा. सेवईच्या जागेले हातही नाई लावत. तुले सीटवर बसवाचं म्हून तं करून राह्यलो न हे सारं."

अमीनाबी घरात गेली. मग तिनं स्वतः मशीन खाटेवरून सोडवून आणली. "कपडा गुंडाळा. आन् दांडा मी धरीन. तुमच्या हातात नाई देत."

बॉनेट उघडून ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण सैल केलं. पिस्टनवर जुना पॅड ठेवला, त्यावर मशीनचा जबडा. अमीनाबीनं मशीन लेकरासारखी कवेत धरली आणि निजामुद्दीन हळूहळू स्क्रू फिरवू लागला. डबीवर उकंडरावची नेमणूक झाली होती.

"तेल वर येऊन राह्यलं!" तो ओरडला.

"यावंच लागते वर! फडक्यानं टिप!" निजामुद्दीन स्क्रू फिरवतच म्हणाला.

पिस्टन केसभर हलला. मग आणखी. मग सरळ आत जाऊन बसला. जबडा नव्या पॅडांवर चढला, बोल्ट कसला, आणि उकंडरावनं आनंदानं निजामुद्दीनच्या पाठीवर थाप मारली. सदऱ्यावर पाची बोटं उमटली.

दुसरं चाक भराभर झालं. चाकं लागली, जॅक निघाला, हात धुतले, चहा आला. आणि चहा पिता पिता उकंडरावला फरशीवर बोल्टाखालचा एक वायसर दिसला.

"हे कुठलं?"

दोघांचे चहा तसेच राहिले. परत जॅक, परत दोन्ही चाकं खाली. एकेक बोल्ट पाहिला, एकेक पट्टी मोजली. कुठेही काही कमी नव्हतं. उकंडराव कपाळाला हात लावून बसला होता, तेव्हा आतून अमीनाबीचा आवाज आला, "माया मशीनचा वायसर कोणं घेतला?"

चाकं दुसऱ्यांदा चढली. निजामुद्दीननं गाडीत बसून ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय सरळ तळाला गेला. 

"उकंडराव, ब्रेकच नाई!"

"व्हिडिओत शेवटी काय सांगे थो?"

"शेवट कुठं पाहू देल्ला तू? बंद केला न मोबाईल!"

व्हिडिओ परत लावला. शेवटी तो माणूस शांतपणे सांगत होता, की नवे पॅड बसवल्यावर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबायचा, म्हणजे पिस्टन पॅडपर्यंत येतो. निजामुद्दीननं पाय मारायला सुरुवात केली. पेडल हळूहळू वर येत गेलं आणि शेवटी दगडासारखं टणक लागलं. डबीतलं तेल पाहून झाकण कसलं. मग रिकाम्या गल्लीत बैलगाडीच्या वेगानं चक्कर झाली. ब्रेक दाबला, गाडी थांबली. आवाज नाही. त्यानं परत दाबला. आवाज नाही. तो दारापाशी आला तेव्हा नव्या नवरदेवासारखा हसत होता.

अमीनाबीनं पुढचं दार उघडलं, सीटवर हात फिरवून धूळ पाहिली आणि म्हणाली, "सीटही धुवा लागते आता."

यात्रेच्या दिवशी ते पहाटेच निघाले. मागे खोकी, पुढे दोघं. वाशीमपर्यंत अमीनाबी दारावरची मूठ घट्ट धरून बसली होती. मंगरुळपीरला तिनं एक हात सोडला आणि भुईमुगाच्या शेंगा सोलायला घेतल्या, अर्ध्या त्याला, अर्ध्या स्वतःला. मानोऱ्याच्या अलीकडे रस्त्यावर अचानक शेळ्यांचा कळप आडवा आला. निजामुद्दीननं पाय दाबला. गाडी हलकेच, एका रेषेत थांबली. शेवटच्या शेळीनं बॉनेटकडे पाहिलं, जरा विचार केला आणि निघून गेली.

"पाह्यलं का?" निजामुद्दीन छाती फुगवून म्हणाला. "अशी थांबली, का एक बांगडीही वाजली नाई! पाह्यलं का अमीना?"

त्यानं वळून पाहिलं. अमीनाबीचं डोकं काचेला टेकलं होतं, मांडीवर शेंगांची टरफलं सांडली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. ती गाढ झोपली होती.

निजामुद्दीननं आपल्या बाजूची काच थोडी वर केली, म्हणजे वारा तिच्या चेहऱ्यावर येणार नाही, आणि पहिला गिअर टाकला.