पायाखालची जोडाक्षरं

अल्का रामटेके गोंदियाच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका टाइप करायची. दोन हजार आठच्या थंडीत ती नागऱ्याच्या रस्त्यावर सायकलवरून पडली आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात दिसायला सरळ होता, पण त्यात जोर राहिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, थोडा सुधारेल, पहिल्यासारखा नाही होणार.

साधी अक्षरं तिला जमत होती. अडचण जोडाक्षरांची होती. छापखान्यातल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये द्ध, द्य, द्म अशी अक्षरं थेट उमटत नसत. डाव्या हाताने आल्टची कळ दाबून धरायची आणि उजव्याने आकडे मारायचे, तेव्हा एक अक्षर यायचं. कळ दाबून धरली की मनगटापासून कोपरापर्यंत आग व्हायची. एका हाताने दोन्ही करायला गेलं की आकडे चुकायचे. शेवटी ती द चा पाय मोडून पुढे सुटा ध लावू लागली. एका वरपित्याने तशी पत्रिका परत आणली.

छापखान्याचे मालक छोटेलाल रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. "अल्काबाई, सोमवारपासून रामनगरची एक लडकी येऊन राहिली. तुम्ही आता प्रूफ पाहा, आराम करा," ते म्हणाले.

प्रूफ पाहायला वेगळा माणूस त्या छापखान्यात कधीच नव्हता. ही काम जाण्याची सुरुवात आहे, हे अल्काला समजलं. त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही.

तिची धाकटी बहीण स्नेहल आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकली होती आणि आता एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. रविवारी ती दवनीवाड्याहून आली. अल्काने सगळं सांगितलं.

"मंग एखादी मोकळी कळ त्या अक्षराले देऊन टाकू ना," स्नेहल म्हणाली.

"मोकळी हाये कुठं? साऱ्या कळांवर मराठी बसली हाये."

स्नेहलने क्लासमधला जुना कीबोर्ड आणून घरच्या कॉम्प्युटरला दुसरा म्हणून लावला. त्याच्यावरूनही तीच अक्षरं आली. कॉम्प्युटरला दोन्ही सारखेच. अल्का उठायला लागली.

"थांब ताई," स्नेहल म्हणाली आणि बाजारात गेली. येताना तिने मुलं गेम खेळतात तो स्वस्तातला जॉयस्टिक आणला.

"हे कायले?"

"याची बटनं टायपिंगमधी कोणतंच अक्षर देत नाही. म्हणजे सारी मोकळी. एक फुकटचं सॉफ्टवेअर हाये, त्यात लिवून द्याचं का हे बटन दाबलं का द्ध आला पाह्यजे."

तिने ते लिहून दाखवलं. अल्काने बटण दाबलं आणि पडद्यावर द्ध उमटला. तिने ते पुन्हा एकदा दाबून पाहिलं. मग तिने डावा हात मांडीवर ठेवला. "पण मी हे धरू कोणत्या हातानं? उजवा तर कळांवर राह्यते," ती म्हणाली. आणि मग स्वतःच म्हणाली, "पाय त रिकामेच राह्यते माये."

स्नेहलला कल्पना पटली. तिने जॉयस्टिक उघडला, आतल्या बटणांच्या जागी तारा सोल्डर केल्या आणि त्या तारा दारावरच्या घंटीच्या साध्या बटणांना जोडल्या. बटणं घरातल्या एका जुन्या पाटावर स्क्रूने बसवली. दुपारभर अल्का चप्पल काढून सराव करत होती. आधी द्ध च्या जागी द्य यायचा. मग पायाच्या अंगठ्याला जागा कळू लागल्या.

सोमवारी ती पाट पिशवीत घालून छापखान्यात गेली. नवी मुलगी, भूमेश्वरी, तिच्या खुर्चीवर बसली होती आणि केशोरीचे बकाराम मजकूर घेऊन समोर उभे होते. मुलाचं नाव सिद्धार्थ, सुनेचं पद्मा, निमंत्रकांत विद्या नावाच्या दोघी. भूमेश्वरीला जोडाक्षरांचे आकडे पाठ नव्हते. बकारामांना दुपारची बस धरायची होती.

"मालक, मी बसू का?" अल्काने विचारलं.

छोटेलाल तिच्या हाताकडे पाहत म्हणाले, "जमेल?"

"पाहू."

तिने पाट टेबलाखाली सरकवला, वायर जोडली, पेनड्राइव्हमधलं सॉफ्टवेअर चालू केलं. पहिल्याच ओळीत चुकीचं बटण दाबलं गेलं. तिने ते खोडलं, पाय थोडा सरकवला. नंतर ती थांबली नाही. छोटेलालांनी वाकून टेबलाखाली पाहिलं आणि प्रिंटर चालू केला.

बकारामांनी कागद उजेडात धरून बोट फिरवत वाचला. "बरोबर हाये," ते म्हणाले. "नाव फुटलं नाही कुठं." आणि बसकडे निघाले.

"भूमेश्वरी व्हिजिटिंग कार्ड करेल," छोटेलाल म्हणाले. "लगीनसराई तुमच्याकडंच. एवढं करून ठेवलं त आधी काऊन नाही बोलल्या?"

"कालच झालं मालक."

खुर्ची तिचीच राहणार होती. अल्काने डबा उघडला. कित्येक दिवसांनी तिला कडकडून भूक लागली होती. भूमेश्वरीला तिने शेजारी बसवलं, डब्यातली भाकर अर्धी करून दिली, आणि दोघी खाऊ लागल्या.